तिकीट लावलेली चावडी

बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरअखेरीस संपतो आणि मार्चअखेरपर्यंत मैदानं बंद. आपल्या क्रिकेटला असे रिकामे महिने आता उरलेच नाहीत. म्हणून शिकागोत नोकरीला आल्यावर मला या शांततेचं नवल वाटलं. पण तोंडं बंद नसतातच. थंडीत दुकानातल्या शेगडीभोवती बसून कुठला खेळाडू कुठे जाणार यावर घातलेल्या वादांना इथे ‘हॉट स्टोव्ह लीग’ असं जुनं नाव आहे. फुकटची चावडी.

तिला तिकीट लावलं शिकागो कब्जने, १९८६ साली.

वसंताची घाई या क्लबला जुनीच. १८८६ मध्ये, म्हणजे संघ अजून ‘व्हाइट स्टॉकिंग्ज’ म्हणवत होता तेव्हा, कॅप ॲन्सनने खेळाडूंना आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला नेलं. हिवाळाभर ढोसलेली दारू घामावाटे काढायला! पुढे मालक झालेले चुइंगमवाले विल्यम रिग्ली १९२१ पासून संघाला सरावासाठी कॅटलिना बेटावर पाठवू लागले, बेटही त्यांचंच. बर्फात अडकलेला शिकागोकर वर्तमानपत्रात खेळाडूंचे उन्हातले फोटो बघे आणि यंदा आपणच, असं ठरवून टाके. जेतेपद मात्र १९०८ नंतर नाही.

१९८१ मध्ये रिग्ली कुटुंबाने क्लब ट्रिब्यून कंपनीला विकला. १९८४ ला संघ १९४५ नंतर प्रथमच बाद फेरीत पोचला. सॅन डिएगोविरुद्ध पाचपैकी पहिले दोन सामने जिंकला आणि पुढचे तिन्ही हरला. १९८५ मध्ये मुख्य पाचही पिचर जायबंदी. अशा हंगामानंतरच्या हिवाळ्यात, मार्केटिंगमधल्या जॉन मॅकडोनो यांच्या कल्पनेतून, पहिलं ‘कब्ज कन्व्हेन्शन’ भरलं. विकायला जिंकलेलं काही नव्हतं. पुढचा हंगाम तेवढा होता.

मी गेले त्या जानेवारीत बाहेर हाडं गोठत होती. हॉटेलात सह्यांसाठी रांगा, मंचावर खेळाडू, व्यवस्थापकांना प्रश्न विचारायला माइक. उत्तरं ऐकून मला आमच्या ऑफिसातल्या रोडमॅप मीटिंगा आठवल्या: सगळं चांगलं पुढच्या तिमाहीत. पण पब्लिक भोळं नव्हतं. अमक्याला का सोडलं, तमक्याला एवढे पैसे का, असं थेट विचारत होतं. बऱ्याच पाठींवर १४ आकडा, एर्नी बँक्सचा. हा माणूस कब्जकडून २,५२८ सामने खेळला, त्यातला बाद फेरीतला एकही नाही. २०१५ च्या जानेवारीत तो गेला. पुढच्याच वर्षी, १०८ वर्षांनी, संघ जिंकला, तेव्हा लोकांनी रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहिली. त्यांत कितीतरी वाट बघता बघता गेलेल्या आईवडिलांची, आजीआजोबांची होती. त्या भिंतींचे फोटो पाहिल्यापासून ‘आशेचा धंदा’ असं म्हणून हा मेळावा निकालात काढणं मला जमत नाही. धंदा आहेच, पण आशा लोकांनी घरून आणलेली असते.

आणि तिकीट काढलं म्हणून कोणी गप्प बसत नाही. २०२० च्या जानेवारीत मालक टॉम रिकेट्स उद्घाटनात क्लबच्या नव्या टीव्ही वाहिनीची भलामण करू लागले, तर त्यांच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. फेब्रुवारीत पिचर आणि कॅचर नेहमीप्रमाणे ॲरिझोनातल्या मेसाला सरावाला गेले. १२ मार्चला साथीमुळे सगळं थांबलं. त्या वर्षीचा पहिला सामना जुलैच्या उकाड्यात झाला. रिग्ली फील्डच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.