प्रौढांतील एडीएचडी आणि चिंताविकार

एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार आहे. लक्ष न टिकणे, उतावळेपणा आणि चंचलता ही त्याची लक्षणे बालपणीच दिसू लागतात. मराठीत त्याला अवधान-न्यूनता अतिचंचलता विकार म्हणतात. बोलण्यात मात्र आद्याक्षरेच रुळली आहेत. मोठेपणी त्याच्या जोडीला पुष्कळदा चिंताविकार असतो. अमेरिकेत १८ ते ४४ वयोगटाच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४.४ टक्के प्रौढांना एडीएचडी असल्याचा अंदाज निघाला आणि त्यांतल्या सुमारे ४७ टक्क्यांना आदल्या वर्षभरात एखादा चिंताविकारही होता.

हे दोन्ही विकार एकमेकांना झाकतात. वयाबरोबर धावपळ ओसरते, आतली बेचैनी राहते आणि ती चिंतेसारखीच भासते. वाचलेले डोक्यात न राहणे, झोप न लागणे दोन्हीकडे आढळते. फरक असा, की चिंतेत मन काळजीच्या विषयाकडे ओढले जाते, तर एडीएचडीत काळजी नसतानाही, आवडीच्या गप्पांतही, ते भरकटते. आणि हे शाळेपासून चालत आलेले असते. काही लक्षणे १२ वर्षे वयाआधी दिसलेली असावीत, अशी डीएसएम-५ या २०१३ च्या निदानसंहितेची अट आहे. म्हणून जुनी प्रगतिपुस्तके आणि आईवडिलांच्या आठवणी निदानाला उपयोगी पडतात.

या जोडीत चिंता पुष्कळदा कुबडीचे काम करते. लाइटचे बिल भरायचे राहिले, गॅस चालू राहिला, दिलेली वेळ हुकली, असे वर्षानुवर्षे खरोखरच घडलेले असते. मग माणूस धास्तीच्या जोरावर कामे उरकू लागतो. गाडीच्या दोन तास आधी स्थानकावर जाऊन बसतो, कुलूप तीनतीनदा ओढून पाहतो, मुदतीच्या आदल्या रात्री जागतो. बाहेरच्यांना तो काटेकोर वाटतो आणि एडीएचडीची शंकाही कोणाला येत नाही. अनेक स्त्रियांच्या बाबतीत आधी फक्त चिंतेचे किंवा नैराश्याचेच निदान होते. अशांना ‘उगाच काळजी करतेस’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्या काळजीमागे खरा अनुभव असतो.

सहसा ज्या विकाराचा त्रास अधिक, त्याचे उपचार आधी सुरू करतात. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधाने काहींची धडधड वाढते. काहींची चिंता मात्र विसरभोळेपणा घटल्यावर आपोआप उतरते. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे औषध उत्तेजक गटातले नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. फक्त चिंतेवर उपचार झाले, तर धास्ती कमी होते तशी बिले पुन्हा राहू लागतात आणि आपणच बिघडलो, असे रुग्णाला वाटते. त्यामुळे बोधात्मक वर्तनोपचारात विचार तपासण्याबरोबरच रोजची वही, मोबाइलचा गजर, दाराशी किल्ल्यांचा ठरलेला खिळा यांचीही सवय लावावी लागते. आजवर धास्ती जे आठवून देत होती, ते आता या वस्तूंनी आठवून द्यायचे असते.