विम्याची सक्ती : बाबासाहेबांनी घातलेल्या दोन अटी

आरोग्य विमा सरकारने सक्तीचा करावा का, हा वाद निघाला की आपले अनेक तरुण लगेच 'सक्ती नको' म्हणून मोकळे होतात. पिढ्यान्‌पिढ्या सक्ती सोसलेल्या समाजाला त्या शब्दाची चीड असणारच. पण बाबासाहेबांनी या प्रश्नावर काय मांडले होते, ते आधी पाहू.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांची मागणी स्पष्ट आहे. विम्याचा व्यवसाय फक्त राज्यसंस्थेच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात विमा घेणे बंधनकारक करावे. ही मागणी आयुर्विम्याची आहे, आरोग्य विम्याची नाही. हा फरक आपण लपवू नये. कारणेही त्यांनी दिली आहेत. खासगी कंपनीपेक्षा सरकारची हमी भक्कम, आणि जमा होणारा पैसा देशाच्या नियोजनाला उपयोगी पडतो, चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागत नाही. म्हणजे सक्ती त्यांना मान्य होती, पण दोन अटींवर : पैसा खासगी तिजोरीत जाणार नाही आणि वर्गणी ऐपतीप्रमाणे असेल.

आजारपणाच्या विम्याचे काम तर त्याआधीच सुरू झाले होते. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल आला. योजना सक्तीची होती आणि वर्गणीवर चालणारी होती. १९४६ च्या अखेरीस विधेयक मांडले गेले तेव्हा बाबासाहेब त्या पदावर नव्हते. कायदा झाला एप्रिल १९४८ मध्ये. 'ईएसआय कायदा बाबासाहेबांनी केला' एवढीच ओळ व्हॉट्सॲपवर फिरते. ती फिरवण्यापेक्षा हा क्रम पाठ करावा, विरोधकाला खोडता येणार नाही.

त्या कायद्यातली सक्ती कोणावर होती? कामगारावर होती, पण मालकावर जास्त होती. ज्याची सरासरी रोजची मजुरी एक रुपयाहून कमी, त्याला वर्गणी माफ. मालकाची मात्र सुटका नाही. मालकाने आपला वाटा कामगाराच्या पगारातून कापायचा नाही, हेही कायद्यातच लिहिले होते. शिवाय औषधोपचाराबरोबर आजारपणात बुडालेल्या मजुरीपोटी साधारण निम्मी रक्कम रोख मिळण्याची सोय होती. कामगाराला ऐच्छिक ठेवले असते तर मालकाने एक पैसा तरी दिला असता का?

कायद्याची मोठी उणीव आमच्या मते वेगळीच आहे. तो सुरुवातीला लागू झाला विजेसारख्या शक्तीवर चालणाऱ्या, वीस किंवा अधिक माणसांच्या बारमाही कारखान्यांना. शेतमजूर बाहेर, वीटभट्टीवरचा बाहेर, गावात झाडू मारणारा बाहेर. म्हणजे आपला बहुतेक समाज बाहेर. ज्यांच्यासाठी सक्तीचा खरा उपयोग होता, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

पुढे आयुर्विमा १९५६ मध्ये आणि सर्वसाधारण विमा १९७० च्या दशकात सरकारच्या हाती आला, पण १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने विमा नसलेल्यांना दंड लावला. गरिबांना सवलत होती, तरी विमा विकणाऱ्या बहुतेक खासगी कंपन्याच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो दंड कर म्हणून टिकवला आणि २०१९ पासून तो शून्यावर आला. आपल्याकडे उद्या कोणी अशी सक्ती आणली, तर वयावर आणि आजारावर हप्ता ठरवणाऱ्या कंपन्यांना सरकारी हुकमाने गिऱ्हाईक मिळेल. बाबासाहेबांच्या दोन्ही अटी त्यात मोडतात, म्हणून आमचा तिला विरोध आहे.

२०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दवाखान्यात भरती झाल्यावर. तापाने आठ दिवस घरी पडलेल्या शेतमजूर बाईचा रोज बुडतो, त्याबद्दल त्या कार्डात काही नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी जी सोय १९४८ च्या कायद्यात होती, ती तिच्यासाठी आम्ही मागतो, आणि वर्गणी तिच्याकडून न घेता तिच्या श्रमावर चालणाऱ्या बागायतदाराकडून आणि साखर कारखान्याकडून सक्तीने घ्यावी असे म्हणतो.