ज्वालारोधक रसायने व सागरी सस्तन प्राणी
वस्तूंनी सहज पेट घेऊ नये म्हणून त्यांत मिसळलेली रसायने देवमासे, डॉल्फिन, सील इत्यादी प्राण्यांच्या शरीरात साठणे, हा सागरी प्रदूषणाचा एक प्रकार आहे. यात ब्रोमीनयुक्त रसायने प्रमुख असून पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर (पीबीडीई) या गटात २०९ प्रकार मोडतात.

उगम व मार्ग : गाद्यांचा फोम, पडदे, दूरदर्शन संच, संगणक यांत पीबीडीई नुसते मिसळलेले असते, प्लॅस्टिकशी त्याचा रासायनिक बंध नसतो. त्यामुळे ते धुळीत, सांडपाण्यात व हवेत सुटत राहते. ई-कचरा उघड्यावर जाळल्यानेही ते पसरते. पाण्यात ते फारसे विरघळत नाही, गाळाला चिकटते व गाळाबरोबर नद्यांतून समुद्राकडे जाते. उदाहरणार्थ, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले जबलपूर नर्मदेमुळे खंभातच्या आखाताशी जोडलेले आहे. मात्र वाटेत इंदिरासागर व सरदार सरोवर या धरणांत बराच गाळ अडतो. हवेतून होणाऱ्या प्रसाराला असा अटकाव नाही; आर्क्टिकमधील सीलमध्येही पीबीडीई सापडले आहे.

संचय : ही रसायने चरबीत मुरतात. प्लवकांपासून मासे व माशांपासून डॉल्फिन अशा प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढते. मादी दुधावाटे आपला साठा पिलाला देते. पहिल्या पिलाच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येतो. म्हणून प्रौढ नरांत हे प्रमाण सहसा माद्यांपेक्षा अधिक आढळते.

आशियातील नोंदी : १९९० ते २००१ या काळातील नमुन्यांच्या अभ्यासात हाँगकाँगच्या कुबडधारी डॉल्फिनमध्ये चरबीच्या दर ग्रॅममागे सुमारे ६,००० नॅनोग्रॅम पीबीडीई आढळले; भारतातील स्पिनर डॉल्फिनमध्ये ते केवळ ६ होते.

परिणाम : पीबीडीईची रचना थायरॉइड संप्रेरकांशी मिळतीजुळती असल्याने त्या संप्रेरकांचे कार्य बिघडू शकते. प्रतिकारशक्ती व प्रजननावरील परिणाम वेगळे काढणे अवघड असते, कारण त्याच चरबीत डीडीटी व पीसीबीही असतात.

नियंत्रण : चिवट रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीबीडीईची पेंटा व ऑक्टा ही व्यापारी मिश्रणे २००९ मध्ये, हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन हे दुसरे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक २०१३ मध्ये व डेका मिश्रण २०१७ मध्ये समाविष्ट झाले. भारताने २०१८ च्या नियमांनी सात चिवट रसायनांवर बंदी घातली. त्यांत पेंटा, ऑक्टा व हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन आले, डेका आले नाही. बंदीपूर्वीच्या वस्तू भंगारात निघेपर्यंत त्यांतील रसायन सुटतच राहते. त्यामुळे ई-कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट हा नियंत्रणाचाच भाग ठरतो.