तळटीप : ‘मोगरी’

१२. मोगरी : रथाच्या चाकाखाली घालायची लाकडी पाचर. जळगावच्या जुन्या गावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेली ही परंपरा. रथाला ब्रेक नाही. आवरायला आणि वळवायला मोगरीच. ‘जोर’ हा शब्द बोलीत दोन अर्थांनी येतो. दोर ओढणाऱ्यांचा जोर म्हणजे बल. चालत्या रथाच्या अंगातला जोर म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग). न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या नियमांनुसार गती टिकायला बल लागत नाही, गती बदलायला लागते. उभा रथ हलवताना सर्वांत जास्त रेटा लागतो. चाके फिरू लागली की घर्षणाची भरपाई होईल एवढे ओढणे पुरते. थांबवताना मात्र साठलेला संवेग मोडावा लागतो. समजा, ४ टनांचा रथ सेकंदाला १ मीटर वेगाने चालला आहे. तो २ सेकंदांत थांबवायला सरासरी २,००० न्यूटन बल लागेल. अर्ध्या सेकंदात थांबवायचा तर ८,०००. म्हणून मोगरी एकदम न ठोकता बेताने सरकवतात. एकाच बाजूच्या चाकाला लावली की ते चाक अडते, दुसरे पुढे जाते आणि रथ अडलेल्या बाजूला वळतो. कपडे किंवा जमीन चोपण्याची मोगरी वेगळी. या प्रकरणात सर्वत्र रथाचीच मोगरी समजावी. — संपादक