अडतीस विरुद्ध तेरा

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे उमेदवाराचें घराणें, त्याचें शिक्षण, त्याचें वक्तृत्व आणि त्याच्या सभांस जमलेली गर्दी यांची चर्चा घरोघर होते. त्यानें मागील मुदतींत कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूस मत दिलें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वाण्याच्या उधारीची वही महिन्याच्या महिन्यास तपासणारे आपण सुशिक्षित लोक प्रतिनिधीच्या बाबतींत ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवतों. त्याचीही वही असते. पण ती उघडण्याचा कंटाळा असतो, आणि उघडली तरी ती वाचावी कशी हें ठाऊक नसतें. तेव्हां ही वही वाचतांना काय हातीं लागतें आणि कोठें फसगत होते, हें एका थोर पुरुषाच्या उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

प्रतिनिधीचें मत लोकांस कळावें ही कल्पना फारशी जुनी नाहीं. इंग्लंडांत पार्लमेंट आपलें कामकाज छापूं देत नसे. छापणें हा सभेच्या हक्कांचा भंग समजला जाई. १७७१ सालीं कांहीं छापखानेवाल्यांस पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां लंडन शहराच्या अधिकाऱ्यांनीं त्यांची बाजू घेतली, आणि त्याबद्दल खुद्द लॉर्ड मेयरास टॉवरच्या किल्ल्यांत कैद भोगावी लागली. परंतु लोकमत इतकें खवळलें कीं, वृत्तान्त छापणारांच्या वाटेस जाण्याचें धैर्य त्यानंतर पार्लमेंटास राहिलें नाहीं. भाषणें अशा रीतीनें लोकांपुढें आलीं. मतें येण्यास आणखी ६५ वर्षें लागलीं. १८३२ च्या सुधारणेनें मतदारांचा वर्ग वाढला आणि १८३६ पासून हाउस ऑफ कॉमन्स प्रत्येक मतविभागणींतील सभासदांच्या नांवांची यादी अधिकृतपणें प्रसिद्ध करूं लागलें.

हिंदुस्थानांत हा हिशेब लिहिण्यास जागाच थोडी होती. १८६१ च्या कायद्यानें बनलेल्या कौन्सिलांत पुढें आलेल्या बिलापुरतें बोलावयाचें, एवढाच सभासदाचा अधिकार. १८९२ च्या कायद्यानें प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मोकळीक मिळाली. अंदाजपत्रकावर मत मागण्याची मिळाली नाहीं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं ठराव मांडण्याची व त्यांवर मतें घेण्याची सोय झाली. तथापि वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सरकारी बहुमत मुद्दाम राखलें होतें. बिनसरकारी सभासद ३२. सरकारी त्यांहून अधिक, आणि सरकारी सभासदानें सरकारच्याच बाजूस मत द्यावयाचें हें ठरलेलें. म्हणजे निकाल काय लागणार, हें मतें मोजण्यापूर्वींच ठाऊक असे. मग अशा ठिकाणच्या मतांची नोंद वाचून काय साधणार, अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही ती आली होती. परंतु नोंद जों जों वाचावी, तों तों शंका मागें पडत गेली.

गोखले १८९९ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले, आणि १९०२ पासून १९१५ च्या फेब्रुवारींत मृत्यु येईपर्यंत वरिष्ठ कौन्सिलांत बसले. आरंभींचाच एक प्रसंग घेऊं. १९०१ च्या ऑगस्टांत पुण्यास भरलेल्या मुंबई कौन्सिलापुढें जमीनमहसुलाच्या कायद्याची दुरुस्ती आली. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेली जमीन पुन्हां लागवडीस देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास न देण्याची तींत योजना होती. जमीन सावकाराच्या घशांत जाऊं नये, हा सरकारनें सांगितलेला हेतु; शेतकऱ्याची पत नाहींशी होऊन तो सरकारचें कूळ बनेल, ही विरोधकांची भीति. बिल घाईनें पुढें रेटूं नये ही फिरोजशहा मेथा यांची सूचना नामंजूर झाली, तेव्हां मेथा उठून बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोखले हेही गेले. बिल पास झालें. आतां केवळ शेवटची यादी पाहणारास या पांच गृहस्थांचीं नांवें विरोधी बाजूस सांपडणार नाहींत. तो म्हणेल, मत देण्याच्या वेळीं हे होते कोठें? वस्तुतः त्या दिवशींचें सर्वांत मोठें मत त्यांनीं पायांनीं दिलें होतें. गैरहजेरी ही नेहमींच कसूर नसते.

वरिष्ठ कौन्सिलांतील पहिल्या आठ वर्षांची वहीही अशीच फसवी आहे. २६ मार्च १९०२ रोजीं गोखल्यांनीं अंदाजपत्रकावरील आपलें पहिलें भाषण केलें. सरकारच्या खजिन्यांत शिल्लक पडते ती देशाच्या भरभराटीची खूण नसून करांच्या बोज्याची खूण आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून मांडलें, आणि मिठावरील कर कमी करा असें वर्षानुवर्षें बजावलें. त्या वेळीं मणामागें अडीच रुपये कर होता. तो १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. या घटीचें सारें श्रेय एका माणसास देणें बरोबर होणार नाहीं. परंतु ती मागणी आंकड्यांनिशीं सतत कोणीं लावून धरली, हें भाषणांच्या वृत्तान्तावरून स्पष्ट दिसतें. मतांच्या रकान्यांत मात्र याबद्दल एक अक्षरही नाहीं, कारण मत घेण्याची परवानगीच नव्हती.

ठरावांचा अधिकार मिळाल्यावर २५ फेब्रुवारी १९१० रोजीं नाताळांत गिरमिटाचे मजूर पाठविणें बंद करावें, असा ठराव त्यांनीं आणला. सरकारनें तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. गोखल्यांच्या कौन्सिलांतील कारकीर्दींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जे विजय आहेत, त्यांपैकीं हा एक. पण मतविभागणी झाली नाहीं, म्हणून तोही यादीबाहेर. यावरून असें म्हणतां येईल कीं, नुसतीं मतें मोजणारा मनुष्य खतावणीची बेरीज वाचतो, पण रोजकीर्द उघडीत नाहीं.

परंतु रोजकीर्द उघडली म्हणजे आपल्या आवडत्या माणसाच्या बाजूचेंच सारें निघेल असें नाहीं. त्याच १९१० च्या फेब्रुवारींत वर्तमानपत्रांस जामीन मागणारा कडक कायदा कौन्सिलापुढें आला. पंडित मदनमोहन मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनीं त्यास विरोध केला. गोखल्यांनीं केला नाहीं. एरवीं आपण अशा बिलास विरोध केला असता, परंतु देशाच्या सद्यःस्थितींत ती जबाबदारी घेववत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें बारा वर्षें हा कायदा देशी पत्रांच्या मानेवर बसला आणि १९२२ सालीं रद्द झाला. गोखल्यांविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. पण आदरापोटीं हें पान चिकटवून टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. नोंदीचा खरा उपयोग हाच कीं, ती भक्तांचीही भीड धरीत नाहीं.

आतां १९१२ च्या मार्च महिन्याकडे वळूं. या एका महिन्यांत गोखल्यांच्या वहींत पराभवाच्या दोन मोठ्या नोंदी आहेत. ४ मार्च रोजीं त्यांनीं गिरमिटाची पद्धति सर्वच देशांपुरती बंद करावी असा ठराव मांडला. ठराव पडला, विरुद्ध ३३, बाजूनें २२. हीं बावीस मतें बिनसरकारी हिंदी सभासदांचीं होतीं. परदेशांत आपल्या माणसांची विटंबना होते, या एका भावनेनें जमीनदार, व्यापारी, वकील, हिंदु, मुसलमान सारे एका रांगेंत उभे राहिले.

दुसरी नोंद पंधरा दिवसांनंतरची. १६ मार्च १९११ रोजीं मांडलेलें प्राथमिक शिक्षणाचें बिल वर्षभर देशांत मतासाठीं फिरून परत आलें होतें. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत लिहितां-वाचतां येणारे शेंकडा सुमारें सहा. बिलाची मागणी अगदीं बेताची होती. ज्या गांवांत मुलांच्या हजेरीनें ठराविक प्रमाण आधींच गांठलें आहे, तेथेंच म्युनिसिपालिटीनें वा लोकलबोर्डानें, तेंही सरकारच्या मंजुरीनें, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस शाळा सक्तीची करावी. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या घरांतून फी घेऊं नये. आणि खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलावा. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ सालीं तें राज्यभर लागू केलें होतें. तेव्हां ही गोष्ट या देशांत अशक्य आहे, असें म्हणण्यास वाव नव्हता. तरी शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनीं सरकारतर्फें विरोध केला. खर्च कोठून आणावा, लोकांस सक्ती रुचेल काय, असे आक्षेप निघाले. शेतावर राबणारीं पोरें शाळेंत गेलीं तर कसें, ही बड्या जमीनदारांची धास्तीही लपून राहिली नाहीं. १८ व १९ मार्च असे दोन दिवस वाद झाला. बिल सिलेक्ट कमिटीकडे सोंपवावें, एवढीच सूचना मतास टाकली होती. तीही पडली. विरुद्ध ३८, बाजूनें १३.

हे दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. पंधरवड्यापूर्वीं जे बावीस हात वर झाले होते, त्यांपैकीं निदान नऊ या वेळीं वर झाले नाहींत. कौन्सिलांत बिनसरकारी सभासद बत्तीस; त्यांतले तेरा वजा जातां एकोणीस उरतात. सरकारनें बिल पाडलें हें खरेंच. सरकारी मतांपुढें बत्तीसांची एकी झाली असती तरी तें टिकलें नसतें. पण सरकारी सभासदास हुकूम होता, या एकोणिसांस कोणाचा हुकूम होता? नाताळच्या मळ्यांतील मजुरासाठीं ज्यांचें अंतःकरण द्रवलें, त्यांतील कित्येकांस आपल्याच गांवच्या कुणब्याच्या पोराच्या हातीं पाटी देतांना हात आंखडावासा वाटला. परक्याच्या अन्यायाविरुद्ध मत देण्यास कांहीं खर्चावें लागत नव्हतें. शाळेसाठीं नवा कर द्यावा लागणार होता आणि शेतांतला स्वस्त मजूर सोडावा लागणार होता. आमच्या मतें या दोन मतविभागण्यांतील अंतर हा त्या काळच्या आपल्या समाजाचा आरसाच आहे, आणि नांवनिशीवार यादी नसती तर तो कोणास दिसला नसता. 'बिल सरकारनें पाडलें' एवढेंच सोयीचें वाक्य इतिहासांत राहिलें असतें. ज्यांची गैरहजेरी १९०१ सारखी निषेधाची होती आणि ज्यांची सोयीची, हें मात्र भाषणें वाचूनच निवडावें लागतें.

गोखल्यांस निकाल आधींच ठाऊक होता. बिल दिवस संपण्यापूर्वीं फेंकलें जाणार, याची आपणास तक्रार नाहीं. आपल्या पिढीच्या वांट्यास अपयशांतूनच देशाची सेवा करणें आलें आहे, यशानें सेवा करणारीं माणसें मागाहून येतील, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं त्या भाषणांत काढले. मग पोल कशास मागावयाचा? आम्हांस वाटतें, तेरा नांवें लिहून निघावीं एवढ्यासाठींच. पुढें येणारांस सुरुवात कोठून करावयाची, हें त्या तेरांनीं दाखवून ठेविलें.

आणि पुढें येणारे आले. १९१६ च्या मार्चांत पंडित मालवीयांनीं गिरमिटाविरुद्धचा ठराव पुन्हां मांडला, तो सरकारनें मान्य केला आणि १९१७ सालीं भरती थांबली. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. विठ्ठलभाई पटेल यांनीं मुंबई कौन्सिलांत आणलेल्या बिलाचा १९१८ सालीं कायदा झाला आणि म्युनिसिपालिट्यांस सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र २००९ सालीं संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. १९१२ च्या त्या दिवसापासून ९८ वर्षांनीं.

येथें एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. २००९ चा तो कायदा लोकसभेंत आवाजी मतानें संमत झाला. घटनादुरुस्तीस मतविभागणी करावीच लागते. साध्या बिलावर ती कोणीं मागितली तरच होते, एरवीं 'होय' आणि 'नाहीं' असे घोष होतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. म्हणजे जें बिल पडलें त्याच्या पाठीराख्यांचीं तेरा नांवें उरलीं, आणि जें तरलें त्याच्या बाजूस कोण होता व त्या वेळीं कोण सभागृहांतच नव्हता, याची यादी नाहीं. शिवाय १९८५ सालीं घटनेस दहावें परिशिष्ट जोडलें गेल्यापासून पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारास आपली जागा गमावण्याचें भय असतें. पैसे घेऊन पक्ष बदलणारांस आळा घालण्यासाठीं तें झालें, हें खरें. पण त्यामुळें मतावरून पक्ष कळतो, माणूस कळत नाहीं, अशी स्थिति आली आहे. १९१२ चे सरकारी सभासद हुकुमानें मत देत, याचें आपणांस नवल वाटतें. हुकुमाचा धाक आज कोणाकोणास आहे, याचाही विचार वाचकांनीं करावा.

असें आहे म्हणून वही मिटून ठेवावी, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कामकाजाचे वृत्तान्त, विचारलेले प्रश्न, हजेरीचे दिवस हें सारें आज घरबसल्या पाहतां येतें. गोखल्यांच्या मतदारांस ही सोय नव्हती. त्यांतील नुसत्या संख्येनें भुलूं नये. शंभर प्रश्न विचारणारा कदाचित् एकही उत्तर धसास लावीत नसेल, आणि एकच मागणी वर्षानुवर्षें मांडणारा मिठाचा कर उतरवून घेईल. हजेरी भरलेली असेल आणि अवघड दिवशीं जागा रिकामी असेल. तेव्हां पुढील खेपेस कोणी मत मागण्यास दारीं आला, तर त्यास आदरानें बसवावें, चहा द्यावा, आणि एवढेंच विचारावें कीं, आपल्या पक्षास, आपल्या जातीस किंवा आपल्या खिशास तोशीस लागणार होती, त्या दिवशीं आपण सभागृहांत होतां काय, आणि असल्यास आपलें नांव कोणत्या बाजूस लिहिलें गेलें?