स्मरणसाधनांच्या अभ्यासात प्रवेश करताना

‘तानापिहिनिपाजा’ या अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. तरी मराठी शाळेत शिकलेल्या कोणासमोर ती उच्चारली, की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सातही रंग क्रमाने बाहेर पडतात. ‘यमाताराजभानसलगं’ हे वृत्तांतल्या गणांचे सूत्र त्याहून कसबी. त्यातल्या पहिल्या आठांपैकी कोणतेही अक्षर घ्यावे, पुढची दोन त्याला जोडावीत, की त्या अक्षराच्या नावाचा गण लघुगुरूंसकट तयार होतो. यमाता म्हणजे य गण, एक लघु आणि दोन गुरू. मातारा म्हणजे म गण, तिन्ही गुरू. आठ गणांची खरे तर चोवीस अक्षरे व्हायची, ती इथे दहांत बसली आहेत. अशा एकमेकींवर चढलेल्या मांडण्यांचा आजच्या संयोगगणितात स्वतंत्र अभ्यास होतो.

ही दोन्ही स्मरणसाधने. त्यांचा अभ्यास कोणत्याही एका विद्याशाखेचा नाही. प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञ, वक्तृत्वकलेचे इतिहासकार, वेदपाठाचे अभ्यासक, शिक्षक, ग्रंथपाल, कोशकार, आणि वहीत चौकटी-बाण काढून व्याख्यान टिपणारे विद्यार्थी, असे सगळे या क्षेत्रात भेटतात आणि पुष्कळदा एकमेकांचे लेखन न वाचताच परत जातात. नव्या वाचकाला म्हणूनच सुरुवातीला थोडे गोंधळल्यासारखे होईल. ते साहजिक आहे, आणि त्याने मागे फिरू नये.

माझ्या मते या गोंधळाचे मूळ एकच आहे. एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवणे आणि ती हवी तेव्हा सापडणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांची साधने वेगळी आहेत, आणि आपण एकाचे साधन हाती घेऊन दुसऱ्याच्या फळाची वाट पाहतो. रंगीत, नेटक्या, सुंदर वह्या भरूनही परीक्षेत काही आठवत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार खरी असते. त्यांची वही सापडण्यासाठी बनलेली असते आणि परीक्षा धारणेची असते. हा भेद मनात ठेवून या क्षेत्रातले काहीही वाचायला घ्यावे; बरेच वाद आपोआप सुटे होतात.

दोन्ही कामांची टोके आपल्याकडेच पाहायला मिळतात. पहिले टोक वेदपाठाचे. संहितेतले शब्द सुटे करून म्हणायचे ते पदपाठ. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असे जोडीने पुढे जायचे तो क्रमपाठ. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात. घनपाठात याच्याही पुढे जाऊन एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी शब्दांची वीण घालतात आणि मग एक शब्द पुढे सरकून तीच वीण पुन्हा. बाहेरच्याला हे निव्वळ पाठांतर वाटते. त्याची रचना पाहिली की तो चूक पकडण्याचा बंदोबस्त असल्याचे कळते. प्रत्येक शब्द त्याच्या शेजाऱ्यांबरोबर दोन्ही दिशांनी इतक्या वेळा येतो, की एखादा शब्द गळला, बदलला किंवा संधी चुकला, तर ती चूक लगेच पुढच्या आवर्तनात अडखळते. शिवाय उलट म्हणताना वाक्याच्या अर्थाचा आधार सुटतो, त्यामुळे अर्थावरून अंदाजाने शब्द भरण्याची वाटही बंद होते. युनेस्कोने 2003 साली वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले. या परंपरेचे दरवाजे समाजातल्या फार थोड्यांनाच उघडे होते हे विसरता येत नाही. पण तिच्यात घडलेले तंत्र आता सर्वांच्या अभ्यासाचे आहे, आणि ते व्हायलाच हवे.

दुसरे टोक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने 1948 मध्ये तिथे ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांचे प्रयोग वेचून चिठ्ठ्या तयार झाल्या आणि त्यांची संख्या जवळजवळ एक कोटीवर गेली. कोशाचा पहिला खंड 1976 मध्ये छापला गेला. हा सारा संग्रह कोणाच्या डोक्यात असावा अशी तिथे कोणाची अपेक्षा नाही. एका पिढीने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पिढीला नेमकी सापडावी, एवढेच तिच्याकडून हवे असते, आणि त्यासाठी चिठ्ठीवर संदर्भ अचूक व तिची खणातली जागा ठरलेली असावी लागते. जर्मनीतल्या बीलेफेल्डचे समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांच्या सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचा हल्ली फार बोलबाला आहे. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, आणि एका चिठ्ठीतून दुसरीकडे निर्देश, अशी त्यांची पद्धत. ती अभ्यासण्याजोगी आहेच. पण चिठ्ठ्यांनी विद्या कशी उभी राहते हे पाहायला मराठी वाचकाला इतक्या दूर जावे लागत नाही.

धारणेच्या साधनांचा युरोपीय इतिहास एका कोसळलेल्या छपराने सुरू होतो. सायमोनिडीस हा ग्रीक कवी मेजवानीतून बाहेर पडला आणि मागे छप्पर पडून सगळे पाहुणे ओळखू न येण्याइतके चिरडले गेले. कोण कुठे बसले होते हे आठवून त्याने प्रेते ओळखून दिली, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. ती घडली असो वा नसो, तिच्यातून निघालेली रीत टिकली. ओळखीची वास्तू मनात धरायची, तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत लक्षात ठेवायच्या गोष्टींची ठसठशीत चित्रे मांडायची आणि मग मनानेच तिच्यातून फिरून यायचे. फ्रान्सिस येट्स यांच्या 1966 मधल्या ग्रंथाने या कलेच्या इतिहासाला विद्वानांत प्रतिष्ठा मिळवून दिली.

याच कलेचा एक जाणकार गोव्यात राहून गेला आहे. मत्तेओ रीची हा इटालियन जेझुइट 1578 मध्ये गोव्यात उतरला, 1582 मध्ये तिथून चीनकडे निघाला, आणि 1596 मध्ये त्याने चिनी भाषेत स्मरणकलेवर पुस्तिका लिहिली. सरकारी परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी ती त्याने एका प्रांताधिकाऱ्याला दिली. त्या अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलाने ती वाचून मत दिले, ते मला फार मोलाचे वाटते. नियम खरे आहेत, पण ते वापरायला आधीच उत्तम स्मरणशक्ती लागते, असे त्याचे म्हणणे होते. स्मरणसाधन शिकण्याला स्वतःची एक किंमत असते, आणि ती कोणत्या मजकुरासाठी मोजायची हे ठरवावे लागते. पत्त्यांचा क्रम लक्षात ठेवायला मनातला वाडा उत्तम चालतो. एखादा युक्तिवाद समजून घ्यायला त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रयोगशाळेने या क्षेत्रात काय आणले? पहिली गोष्ट म्हणजे विसरण्याचे मोजमाप. हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रयोगकर्ता आणि प्रयोगाचा विषय तेच होते. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करायच्या आणि काही वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचे, ही त्यांची रीत. वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के श्रम वाचत, एका दिवसाने 34, महिन्याने 21. सुरुवातीला तीव्र घसरण, मग जवळजवळ सपाटी. पुढे ठरावीक अंतराने उजळणीची जी साधने निघाली, म्हणजे 1972 मधली सेबास्टियन लाइटनर यांची पत्त्यांची पेटी, 1980च्या दशकातली पोलंडच्या प्योत्र वोझनियाक यांची संगणकीय पद्धत आणि आज वैद्यकीय विद्यार्थ्यांत सर्रास दिसणारे ‘अंकी’, त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच वक्ररेषा आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के आठवत होते, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. यातली पाच मिनिटांची चाचणी विसरू नये. पुनर्वाचन फसवे का असते ते तिच्यात दिसते: ते त्या क्षणी खरोखरच चांगले वाटते. पाढे म्हणताना, स्तोत्र न पाहता म्हणताना, कीर्तनाचे आख्यान मनाने उभे करताना आपल्या आधीच्या पिढ्या नेमके हेच करत होत्या. पुस्तक मिटण्याची ही सवय आता घरोघर पुन्हा लागावी, असे मला मनापासून वाटते.

आता चित्रटिपणांकडे वळू, कारण पुष्कळ वाचक त्यांच्याच ओढीने इथे आले असतील. चित्र काढण्याने शब्द जास्त लक्षात राहतात याला चांगला आधार आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो जास्त आठवतो. चित्रासाठी केवळ चार सेकंद दिले तरीही. चित्र किती देखणे आहे याच्याशी या फायद्याचा संबंध दिसला नाही. ज्यांना चित्र येत नाही त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. चित्र काढताना त्या वस्तूचे रूप मनात आणावे लागते, काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते ठरवावे लागते, हात चालवावा लागतो; लाभ या कामाचा आहे.

मात्र यातून मनोनकाशांबद्दल (‘माइंड मॅप’) लगेच निष्कर्ष काढता येत नाही. टोनी ब्युझान यांनी 1970च्या दशकात बीबीसीवरून आणि पुस्तकांतून त्यांचा मोठा प्रसार केला. जोसेफ नोव्हाक यांचे संकल्पना-नकाशे याच काळातले, पण शिस्तीने वेगळे. 2011 मध्ये कार्पिके आणि ब्लंट यांनी पुस्तक उघडे ठेवून असा नकाशा काढणाऱ्यांची तुलना पुस्तक मिटून आठवणाऱ्यांशी केली. आठवणारे पुढे निघाले, शेवटची चाचणी नकाशा काढण्याचीच ठेवली तरीही. पुढे त्याच दोघांनी नकाशाही पुस्तक मिटून काढायला लावला, तेव्हा तो आठवून लिहिलेल्या परिच्छेदाच्या तोडीस तोड ठरला. म्हणजे तोच कागद, त्याच चौकटी, तेच बाण पुस्तक उघडे असताना एक काम करतात आणि मिटल्यावर दुसरेच. चित्रटिपणाचा विचार करताना त्याच्या शैलीवर जितकी चर्चा होते, त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी ते कधी काढले यावर व्हायला हवी.

खुणांनी काम कसे भागते याचा सर्वांत शहाणा नमुना मला मुंबईच्या डबेवाल्यांच्या झाकणांवर दिसतो. 1890 पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावर मध्यभागी मोठा आकडा असतो, तो पोहोचवायच्या भागाचा. कडेला पोहोचवणाऱ्याची खूण, इमारतीसाठी अक्षरे, मजल्याचा आकडा. डबा ज्या स्थानकावरून निघाला त्याची खूण रंगाने किंवा आकाराने. पुरा पत्ता नसतो. वर्षानुवर्षे त्याच वाटेने जाणाऱ्या माणसाला तो पाठ असतो, आणि जे त्याच्या डोक्यात आहे ते झाकणावर रंगवून जागा अडवण्याचे कारण नाही. डबा हाती असलेल्या माणसाला जे ठाऊक नसेल तेवढेच झाकण सांगते. एवढी अचूक निवड केलेले टिपण मी फार कमी वह्यांत पाहिले आहे.

धरून ठेवणे आणि सापडणे यांखेरीज तिसरे एक काम आहे: वेळेवर आठवणे. पदराला मारलेली गाठ, फोनचा गजर आणि वैमानिकांची तपासयादी यांची जात एक. 1935 मध्ये अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचे नवे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले, कारण नियंत्रणांचे कुलूप काढायचे राहिले होते. विमान चालवणारे अनुभवी होते. त्यानंतर वैमानिकांनी छापील यादी स्वीकारली. तीन कामांपैकी याच्यासाठी साधन वापरण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि इथे डोक्यावर विसंबणे धोक्याचे.

क्षेत्रात न मिटलेले वाद आहेत, ते नव्या वाचकाने हौसेने पाहावेत. हाताने टिपणे काढणे लॅपटॉपपेक्षा बरे, हे 2014 मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाचे म्हणणे. नंतरच्या पडताळणीत तो फरक तितका ठाम निघाला नाही. स्मरणयुक्त्यांचा लाभ किती दिवस टिकतो, यावरही मतभेद आहेत. स्मरणशक्ती ‘वाढते’ का, या प्रश्नाला मात्र बरेच स्पष्ट उत्तर आहे. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका विद्यार्थ्याने 230 तासांहून अधिक सराव करून ऐकलेले आकडे ओळीने सांगण्याची मजल सातवरून एकोणऐंशीवर नेली. तो धावपटू होता आणि आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून मनात बसवत होता. आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो सहापाशी अडला.

मराठीत करण्यासारखे काम पुष्कळ पडून आहे आणि त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी ज्यांनी तालावर पाठ केली, अशी माणसे अजून आहेत. त्या चाली जिल्ह्याजिल्ह्यांत कशा बदलत होत्या, याची ध्वनिमुद्रणे आत्ताच व्हायला हवीत. आख्यान लावताना कीर्तनकार कोणत्या खुणा मनात ठेवतो, तमाशातल्या बतावणीचा क्रम नटांना कसा आठवतो, भजनी मंडळात वही न पाहता शेकडो अभंग म्हणणाऱ्या बाया पुढचे चरण कशावरून उचलतात, हे त्यांनाच विचारावे लागेल. विचारणाऱ्याने सोबत वही जरूर न्यावी, पण घरी परतल्यावर ती उघडण्याआधी ऐकलेले सगळे एकदा कोऱ्या कागदावर लिहून काढावे.