पंगत, खानावळ आणि एकशे एक खुर्च्यांचे टेबल

गेल्या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांची सहल नांदेडहून हैदराबादला नेण्याचे ठरले. मुक्काम दोन दिवसांचा. सालारजंग संग्रहालय, गोवळकोंडा, विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय असा नेहमीचा कार्यक्रम. रात्रीच्या जेवणाचा विषय निघाला तेव्हा कोणीतरी मोबाईलवर फलकनुमा राजवाड्यातील भोजनगृहाची छायाचित्रे दाखवली. दर वाचून हशा पिकला. त्या हशातच मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पैसे जमवले तर आपल्याला आत घेतील का?"

मी 'घेतील की, न घ्यायला काय झाले' असे म्हणालो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. उत्तर कायद्याने बरोबर होते. पण ते मी फार लवकर दिले, असे नंतर वाटत राहिले.

दोन दिवसांसाठी मोठ्या शहरात जावे आणि तेथील एखादे नामांकित उपाहारगृह निवडून जेवावे, ही आता मध्यमवर्गीय कुटुंबांची रीत झाली आहे. कुठे जावे हे सांगणाऱ्या पुरवण्या आहेत, तारांकने आहेत, अनोळखी माणसांचे अभिप्राय आहेत. या साऱ्यात 'निवड' हा शब्द आपण गृहीत धरतो. वास्तविक निवड करण्यासाठी पैसा आणि माहिती यांच्याआधी तिसरीच एक गोष्ट लागते, ती म्हणजे उघडे दार. आपल्याकडे खाद्यसंस्कृतीवर पुष्कळ लिहिले गेले, परंतु त्यात पदार्थांचा इतिहास अधिक आणि दारांचा कमी.

युरोपातही ही निवड फार जुनी नाही. पॅरिसमध्ये १७६० च्या दशकात 'रेस्तराँ' हा शब्द प्रथम शक्तिवर्धक रश्शासाठी आणि मग तो विकणाऱ्या जागेसाठी वापरला जाऊ लागला. त्याआधी खाणावळीत एकच सामायिक टेबल, ठरलेली वेळ आणि पुढ्यात येईल ते अन्न. नव्या जागेत स्वतंत्र टेबल आले, हव्या त्या वेळी जेवता येऊ लागले, पदार्थांची किमतीसह यादी आली. १८०३ मध्ये ग्रिमो द ला रेनिएर याने खवय्यांसाठी वार्षिकी काढायला सुरुवात केली. १९०० मध्ये मिशेलिन या टायरच्या कंपनीने मार्गदर्शिका छापली. तिच्या तीन ताऱ्यांचा अर्थ पुढे असा ठरला की त्या जेवणासाठी खास प्रवास करावा. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, हा हिशेब त्यामागे होताच.

आमच्याकडे जेवणासाठी प्रवास करण्याची कल्पनाच नव्हती. माणूस शहराला जाई तो कोर्टासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर शिक्षणासाठी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचे शहर म्हणजे राज्यकारभाराच्या दृष्टीने हैदराबादच. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडवरून गेली आणि नांदेडकराचे तोंड कायमचे आग्नेयेकडे वळले. लातूरला मात्र १९११ मध्ये बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी आली ती कुर्डुवाडीहून, म्हणजे पुण्या-मुंबईच्या बाजूने. दोन शेजारी गावांची 'शहरे' अशी वेगळी झाली. आजही नांदेडच्या माणसाच्या बोलण्यात बिर्याणीचा जो अधिकारवाणीचा सूर असतो तो लातूरकराकडे सहसा आढळत नाही, हे माझे खासगी निरीक्षण. लातूरकर मित्र रागावतील.

या प्रवाशाची खाण्याची सोय बहुतेक वेळा त्याच्या काखेतच असे. आमचे आजोबा जमिनीच्या दाव्यासाठी हैदराबादला जात, तेव्हा आजी दशम्या बांधून देई. दशमी टिकते म्हणून नेतात, असे लहानपणी वाटे. खरे कारण पुढे कळले. तिचे पीठ पाण्यात नव्हे, दुधात भिजवलेले असते आणि पाणी न लागलेले अन्न प्रवासात सोवळ्याला चालते. म्हणजे शिदोरी ही केवळ भुकेची तरतूद नव्हती. शहरात कोणाच्याही दारात जेवायला जावे लागू नये याचीही ती तरतूद होती. आजोबांना दार बंद नव्हते, त्यांनीच ते आपल्यापुरते बंद करून घेतले होते. हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

'पंगत' हा शब्द या संदर्भात पाहण्याजोगा आहे. संस्कृत 'पङ्क्ती'पासून तो मराठीत आला तसा पंजाबीतही गेला. मराठीत त्याच्या आसपास पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच, पंक्तिबाह्य असे शब्द उगवले. पंजाबी पंगत लंगरच्या सोबतीने वाढली, तिचा अर्थच कोणीही कोणाशेजारी बसणे असा झाला. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात हे दोन्ही शब्द एकाच आवारात ऐकू येतात. तेथे ताटापुढे बसणाऱ्याला नाव विचारत नाहीत.

आणि पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात काय झाले? पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने काही मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला. जोशींनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. एका कपाने एवढे व्हावे, यावर आपण आज हसतो. परंतु त्या प्रकरणात खरी धास्ती चहाची नव्हती, छापलेल्या नावांची होती.

हैदराबादेत हे कवच पातळ झाले ते इराण्यांच्या हॉटेलांमुळे. संगमरवरी टेबल, उस्मानिया बिस्कीट आणि एका कपावर तासभर बसण्याची मुभा. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर मराठवाड्यातील मुले तेथे शिकायला गेली. आबिद्सच्या ओरिएंट हॉटेलात मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कवी बसत. घरी दशमी खाणाऱ्यांचे मुलगे तेथे चहा पिऊन वाद घालायला शिकले, असे म्हणायला हरकत नाही. गावी परतल्यावर त्यांतील किती जणांनी हे सांगितले, हा निराळा प्रश्न.

मात्र आपणहून दार लावून घेणारे आणि ज्यांच्या तोंडावर दार लावले गेले ते, यांची गोष्ट एक नाही. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षणानंतर डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना शहरात उतरायला जागा मिळेना. एका पारशी मुसाफिरखान्यात त्यांनी पारशी नावाने नोंद करून मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ही हकिकत लिहिली आहे. त्याच आठवणींत १९३४ मधील दौलताबाद किल्ल्याचा प्रसंग येतो. तेथे टाक्यातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांच्यासह सारी मंडळी अडवली गेली. म्हणजे आमच्या मराठवाड्यातच, निजामाच्या राज्यात. प्रवासात कुठे उतरावे, कुठे पाणी प्यावे, याची 'निवड' म्हणजे काय असते हे सांगणारे इतके थंड, इतके तपशीलवार गद्य विरळा. आपल्या प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात त्याला अजून जागा नाही, याचे मला नवल वाटते.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले गेले. त्याच दिवशी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाचे कलमही चर्चेला आले. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा अडीच महिनेही पुरते झाले नव्हते. 'उपाहारगृह' हा शब्द देशाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात यावा लागला. विद्यार्थ्यांना शब्दांची चरित्रे शिकवताना हे चरित्र मी आता सांगतो.

आता फलकनुमाकडे. पायगा घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये या राजवाड्याचे काम सुरू केले. पुढे तो सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला. त्यातील भोजनगृहात एकशे एक माणसांचे टेबल आहे. २०१० पासून तेथे ताज समूहाचे हॉटेल असून 'अदा' आणि 'सेलेस्त' ही त्यातील उपाहारगृहे. वर्णने वाचताना झुंबरे, लाकूड, चांदी यांचीच मोजदाद होते. पण पायगा अमिरांचे तालुके जुन्या उस्मानाबाद आणि बीदर जिल्ह्यांतही होते; आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत त्या बीदरमध्येच होते. पायगांच्या उत्पन्नात काळ्या मातीतल्या ज्वारी-कापसाचा सारा होता. त्या सहलीतील निम्मी मुले ह्याच तालुक्यांची. टेबलाच्या किमतीत आपल्या पणजोबांची वर्गणी असू शकते, असे वर्गात म्हणालो तेव्हा पुन्हा हशा झाला, पण जरा वेगळा.

एवढे झाल्यावर निवड कशी करावी? माझे मत विचाराल तर दोन रात्रींच्या मुक्कामात एक जेवण चारमिनारच्या बाजूला निहारी किंवा हलीमच्या दुकानी घ्यावे, एक उडुपी पद्धतीच्या जुन्या हॉटेलात, आणि एकच महागडे. महागड्या ठिकाणी चिनी-इटालियन मागवू नये. ज्या स्वयंपाकाला त्या मातीचा इतिहास आहे तोच मागवावा, खुबानीच्या मिठ्यासकट. यादी इंग्रजीत असते, वाढपी विनयाने वाकून काहीतरी विचारतो, काटे-चमचे तीन-तीन असतात. दार कायद्याने उघडले तरी यादीची भाषा आणि वाढप्याची नजर हे उंबरे उरतातच. एका शहरात एकदा मला कोपऱ्यातले, स्वयंपाकघराच्या दाराजवळचे टेबल दिले गेले. सभागृह अर्धे रिकामे होते. मी काही बोललो नाही. माझ्या जागी तो विद्यार्थी असता तर त्याने याचा काय अर्थ लावला असता, हे तेव्हा मनात आले नाही.

फलकनुमाचे दर परवडणारे नव्हतेच. शेवटी बंजारा हिल्समधील, त्याहून बेताच्या पण टेबल आधी राखून ठेवावे लागते अशा एका उपाहारगृहाचे ठरले. आम्ही चौदा जण. वर्गातूनच फोन लावला. पलीकडून संख्या विचारली, वेळ विचारली, मग नेहमीचा प्रश्न आला: टेबल कोणाच्या नावाने ठेवू?

मी फोन मागच्या बाकाकडे दिला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आपले नाव सांगितले. पलीकडच्याला नीट ऐकू आले नसावे. मग त्याने आडनावासकट पुन्हा सांगितले, एकेक अक्षर सुटे करून.